पायांचा चिमटा

माझ्या ताईला खांबावर चढता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे तरीही ती चढते.

पहिल्याच दिवशी चढली. मी बाकीच्या बायकांचे खांदे-गुडघे मोकळे करून घेत होते, तेवढ्यात मागे कुणीतरी "बाप रे" म्हणालं. वळून बघते तर ताई छताजवळ. विहिरीतून बादली ओढावी तसं तिनं स्वतःला हातांनी वर ओढून नेलं होतं आणि पाय खाली, दोरीवर वाळत टाकलेल्या पायजम्यासारखे लोंबत होते.

"चिमे, बघ गं! एवढंच ना?" ती वरून ओरडली.

इथं मला सगळ्या मॅडम म्हणतात. खांबावरचं नृत्य शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. कितीतरी जणी माझ्याकडून शिकून गेल्या आणि त्यातल्या एकीलाही मला घरी चिमी म्हणतात हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सगळ्या हॉलला कळलं.

"खाली ये," मी म्हटलं. "याला चढणं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात? मी वर आहे की नाही?"

आता हिला काय सांगायचं? खांबावर हातांनी चढत नाहीत, पायांनी चढतात. एका पायाची नडगी खांबाला समोरून तिरपी लावायची, पाऊल वर ताणून घोट्याची आकडी करायची. दुसऱ्या पायाची पोटरी पलीकडून आणून दाबायची. खांब नडगी आणि पोटरीच्या मध्ये सापडला पाहिजे. आम्ही त्याला चिमटा म्हणतो. गुडघे पोटाशी ओढून घ्यायचे, चिमटा वर लावायचा आणि त्या चिमट्यावर सरळ उभं राहायचं. जिन्याची पायरी चढतो तसंच, फक्त पायरी आपण आपली बनवायची. हातांना काम एवढंच, की खांब छातीपासून लांब जाऊ द्यायचा नाही. हे मी ताईला उभं राहून सांगितलं, बसून सांगितलं, स्वतः चढून दाखवलं, तिच्या पोटरीला धरून दाखवलं. तिनं मान डोलावली, "कळलं" म्हणाली आणि पुन्हा बादली ओढली.

आमच्या हॉलची एक पद्धत आहे. कुणी वर पोचलं म्हणून लगेच कौतुक होत नाही. वर जाऊन दोन्ही हात सोडायचे आणि डोक्यावर एकदा टाळी वाजवायची. पाय धरत असतील तरच ती वाजते. हातांनी चढलेली बाई हात सोडणार कशी? वरची टाळी ऐकली की मग खालून आम्ही सगळ्या वाजवतो. तोवर पुढचं काही शिकवायचं नाही, मग समोर माझी सख्खी बहीण का असेना. ताईबरोबर शिकायला लागलेली बस चालवणारी एक दणकट बाई आहे. चढताना ती खांबालाच शिव्या देते, पण पाय पक्के. तिनं महिन्याभरात टाळी दिली. ताई रोज तिच्याही वर जायची आणि रोज तशीच, टाळीशिवाय, घसरत खाली यायची.

एवढ्यावरच असतं तर मी इतकी चिडले नसते. नवी येणारी प्रत्येक जण आधी ओढतेच. पण ताईचा उजवा खांदा गेलाय.

ताई केस कापते. तिचं स्वतःचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. उमेदीची सगळी वर्षं तिनं हात वर धरून काढली आहेत. एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात कात्री, नाहीतर ते जड ड्रायर. हाडांच्या डॉक्टरांनी तिला फोटो उजेडासमोर धरून दाखवलं. मीही सोबत होते. खांद्यातली शीर जुन्या दोरीसारखी उसवत आली होती. आणखी एक जोराचा हिसका बसला तर तुटेल, आणि तुटली तर हात खांद्याच्या वर जायचा नाही, असं ते म्हणाले. म्हणजे दुकानाला कुलूप. ताईचं पोट त्या हातावर आहे. "व्यायाम करा, पण हातावर भार नको," डॉक्टर म्हणाले. ताईनं त्यातलं "व्यायाम करा" तेवढं ऐकलं.

बरं, व्यायाम म्हणून चालायला जावं, पोहायला जावं. ते नाही. "बहीण शिकवत असताना परक्या दारात कशाला जाऊ?" मी भावजींना फोन केला. ते म्हणाले, "माझं कधी ऐकलंय का तिनं?" आणि शांतपणे अंग काढून घेतलं. हॉलमधून हाकलून दिलं असतं तर ती दुसऱ्या कुणाकडे गेली असती आणि तिथं खांद्याचं नावसुद्धा काढलं नसतं. तेव्हा माझ्यापुढे एकच वाट राहिली. खांदा तुटायच्या आत तिला पाय वापरायला शिकवायचं.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं.

पहिले काही दिवस ती घोट्यापर्यंत विजार घालून यायची. मी सांगून दमले की ताई, कापड घसरतं, खांबाला कातडीच धरते, म्हणून आम्ही सगळ्या आखूड चड्डीत असतो. हौस म्हणून नाही. तिचं म्हणणं, पायांवर निळ्या शिरा दिसतात, लोक काय म्हणतील. कोण लोक? हॉलमध्ये आम्ही सगळ्या बायका, प्रत्येकीच्या नडगीवर काळेनिळे डाग, कुणाला कुणाच्या शिरा बघायला फुरसत नाही. शेवटी एकदाची आखूड चड्डी घालून आली. मला इतका आनंद झाला की मी तिला सगळ्यांच्या आधी खांब दिला. तिनं नडगी लावली, पोटरी लावली, अगदी मी सांगितलं तशी. आणि सर्रकन खाली आली.

"बघ! तुझ्या त्या चिमट्यानं असं होतं," ती म्हणाली.

मी खांबाला हात लावला तर हात बुळबुळीत. "पायांना काय लावलंयस?"

"साय घातलेलं क्रीम. एवढ्या बायकांत कोरडे पाय घेऊन येऊ का?"

मी कपाळाला हात लावला, तोही क्रीमचाच. तिच्यानंतर ड्रायव्हरबाई चढायला गेली आणि घसरगुंडीवरून यावी तशी बसकण मारून खाली आली. खांबाला उद्देशून तिनं जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळा वर्ग ताटकळला आणि मी स्पिरिट आणि फडकं घेऊन खांब पुसत बसले. ताई शेजारी उभी राहून सांगत होती की फडकं असं नाही, वरून खाली ओढायचं.

पण खरी अडचण क्रीमची नव्हती, विजारीचीही नव्हती. तिला पायांवर विसंबायचंच नव्हतं. एकदा मी तिच्या दुकानात केस कापून घ्यायला गेले होते तेव्हा ती हे बोलली. मी खुर्चीत, गळ्याभोवती तो मोठा कपडा, समोर आरसा. आरशात मला दिसलं की ती उजवं कोपर फळीवर टेकवतेय, कंगवे आणि अत्तराच्या बाटल्यांच्या मध्ये, आणि टेकवल्याशिवाय तिचा हात माझ्या कानाच्या वर येत नाही. ड्रायर तिनं डाव्या हातात घेतला. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, हात वर जात नाहीये तुझा."

"जातो. आज जरा अवघडलाय."

"अगं मग पाय का नाही वापरत? दोन धडधाकट पाय दिलेत देवानं!"

ती माझ्या मानेवरचे केस झटकत राहिली. मग म्हणाली, "हातानं धरलेलं मला दिसतं गं. पायानं काय धरलंय ते दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर मी अंग कसं टाकू?"

ताईचं सगळं आयुष्य त्यात आलं. तिनं मला कडेवर वागवलं. आईचं शेवटचं दुखणं चाललं होतं तेव्हा आईला उचलून न्हाणीत न्यायची, परत आणायची, चादर बदलायची, सगळं एकटीनं. मी त्याच घरात पलीकडच्या खोलीत असायचे आणि मला सकाळी कळायचं की आईला रात्री उचललं होतं. एक हाक मारायला काय होत होतं? हाक मारली असती तर मी उठले नसते का? पण नाही. दुसऱ्याच्या हातात दिलेलं तिला दिसत नाही, मग ते पडेल अशी तिला खात्रीच. खांदा काय एका दिवसात उसवला?

मी हे सगळं तिला त्याच खुर्चीत बसून सुनावलं, अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मान हलवू नकोस, वाकडं कापलं जाईल."

त्यानंतर मी तिला हॉलमध्ये एकच नियम घातला. जमिनीपासून माझ्या गुडघ्याच्या वर जायचं नाही. तिथंच चिमटा लावायचा, उभं राहायचं, खाली यायचं. पुन्हा लावायचा. ती कुरकुरली, "मला काय पाळण्यात घालतेस?" पण करायला लागली. तिच्या नडगीवर पहिला डाग पडला तेव्हा मला अगदी बरं वाटलं. डाग पडला म्हणजे नडगी खांबाला लागली. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. ते जरा लवकरच जोडले.

एका संध्याकाळी मी एका नव्या मुलीचं पाऊल धरून आकडी शिकवत होते. पाठ ताईकडे. ड्रायव्हरबाई तिला काहीतरी चिडवत होती, "ताई, तुम्ही आता खालच्या मजल्यावरच्याच का?" असलं काहीतरी. एवढं पुरे होतं. मी वळले तेव्हा ती निम्म्याच्या वर गेली होती, तीच बादली, तेच लोंबते पाय. "ताई!" मी ओरडले. वरच्या हातानं तिनं एक जोराचा हिसका दिला आणि तिच्या तोंडून आवाज आला. ओरडणं नव्हे, हाताला चटका बसल्यावर तोंडून निघतो तसला. उजवा हात सुटला. ती डाव्या हातावर लोंबकळली, मांड्या खांबावर घासत खाली आली आणि गादीवर बसली. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

ड्रायव्हरबाई रडायला लागली. ताई तिला म्हणाली, "अगं तुझं काय चुकलं, गप."

माझ्याकडे तिनं बघितलंच नाही.

शीर पुरती तुटली नव्हती, पण आता नावाला उरली होती. डॉक्टरांनी हात छातीशी पट्ट्यात बांधून टाकला. पट्टा सुटेल तेव्हाच कळेल, हात वर जातो की नाही. जाईल असंही ते म्हणाले नाहीत आणि जाणार नाही असंही नाही. "सांगितलं होतं" हे शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले होते, पण ते गिळून मी दवाखान्याच्या बाहेर आले आणि भावजींच्या गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की ते दचकले.

दुकान तर बंद ठेवता येईना. ताई एका हातानं कात्री चालवणार होती; खरंच चालवणार होती. मी म्हटलं, सकाळचे वर्ग मी पुढे ढकलते, ड्रायर मी धरते, केस मी धुते. "तुला जमणार नाही," ती म्हणाली. "मग शिकव," मी म्हटलं. शिकवण्यात तिनं मला नाकी नऊ आणले. "मनगट वळव, हात नको नाचवू. अगं त्या बाईंचा कान भाजेल! चिमे, कंगवा मुळाशी, टोकाशी काय खाजवतेस?" गिऱ्हाइकं हसायची. हॉलमध्ये मी तिला जे जे बोलले होते ते ते सगळं तिनं मला व्याजासकट परत दिलं. तरीही ड्रायर माझ्या हातात देताना तिचा हात सुटायला वेळ लागायचा. दोघींनी एकच ड्रायर धरलाय, मी ओढतेय, ती सोडत नाही. "ताई, धरलाय मी," मी रोज म्हणायचे. "हो, हो," ती म्हणायची आणि मग कुठं सोडायची.

हळूहळू लवकर सोडायला लागली.

मग एक दिवस दुपारी हॉल रिकामा असताना ती दारात येऊन उभी राहिली. हात पट्ट्यात. आखूड चड्डी. पाय कोरडे ठणठणीत.

"हात बांधलेलाच आहे," ती म्हणाली. "आता ओढू म्हटलं तरी ओढता यायचं नाही. शिकव."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चढायचंय? या हातानं?"

"चढायचं कोण म्हणतंय? डॉक्टरांना विचारून आलेय. पायांना काही करा म्हणाले, फक्त पडू नका."

मी खरंच डॉक्टरांना फोन लावला. यावेळी तिनं पूर्ण वाक्य ऐकलं होतं. मी वाद घालायचा म्हणून थोडा वेळ घातला. मग खांबाच्या बुंध्याशी जाड गादी टाकली, तिच्यावर एक बुटकी लाकडी खुर्ची ठेवली आणि ताईला खांबाकडे तोंड करून बसवलं. चिमटा शिकायची ही सगळ्यात साधी रीत. बसल्या बसल्या नडगी लावायची, आकडी घालायची, पोटरी दाबायची, आणि मग बूड खुर्चीवरून किंचित उचलायचं. वीतभर. पडलं तरी खुर्चीवरच.

तिनं डाव्या हातानं खांब धरला. नडगी लावली. मी पाऊल वर ताणून दिलं.

"दुखतंय," ती म्हणाली.

"दुखणारच. दाब."

"किती?"

"सोडलं तर आई पडेल, एवढं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. असं मी का बोलले मला माहीत नाही. चिडले होते म्हणून तोंडाला आलं ते बोलले. पण तिचे गुडघे आवळले गेले. तिची पोटरी इतक्या दिवसांत पहिल्यांदा दगडासारखी लागली माझ्या हाताला. ती खुर्चीवरून उठली, वीतभर, आणि परत बसली. पुन्हा उठली. परत बसली. ती खाली पायांकडे बघायची, काय धरलंय ते दिसतं का ते. खाली बघितलं की पाठ वाकायची आणि चिमटा सुटायचा.

"खाली बघू नकोस!"

"मग कुठं बघू?"

"माझ्याकडे बघ. काय शोभा आहे तिथं पायांत?"

ती बघायला लागली. एव्हाना मला घाम फुटला होता, तिलाही. किती वेळा उठली-बसली कोण मोजतो. तिची नडगी लाल झाली आणि माझा घसा बसला. मग एकदा ती उठली आणि बसली नाही. तशीच राहिली, छाती खांबाला टेकलेली, खुर्चीपासून वीतभर वर. श्वास घेतला. सोडला. पाय धरून होते.

"चिमे," ती म्हणाली, "खुर्ची काढ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"खुर्ची काढ ना. तू आहेस ना इथं?"

आयुष्यात तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले, खुर्चीचा पाय धरला आणि हळूच मागे ओढली. आवाज झाला. तिच्याखाली आता काही नव्हतं. गादी हातभर खाली, पण खुर्चीशिवाय हातभर म्हणजे खूप. ती हलली नाही. खाली तर बघितलंच नाही.

"मी धरून आहे का?" तिनं विचारलं.

"तूच आहेस धरून," मी म्हटलं. "मी कुठं हात लावलाय?"

तेव्हा तिनं खांबावरचा डावा हातही सोडला. एक एक बोट, ड्रायर सोडायची तशी. टाळीला दोन हात लागतात, आणि तिचा दुसरा हात छातीशी बांधलेला. तो पुन्हा कधी डोक्यावर जाईल की नाही, तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही. तिनं मोकळा तळहात माझ्यापुढे केला.

"बघतेस काय नुसती?" ताई म्हणाली. "दे टाळी."